निकालाआधी लिहिलेला इतिहास

२३ मार्च १९८९ रोजी सॉल्ट लेक सिटीत फ्लाइशमन आणि पॉन्स या रसायनशास्त्रज्ञांनी पत्रकार परिषदेत सांगितलं, की जड पाण्यात पॅलेडियमच्या कांडीतून वीज सोडून खोलीच्या तापमानाला अणुसंलयन घडलं. चार वर्षांतच त्यावर ग्रंथांची रांग लागली. जॉन हुइझेंगा यांनी आपल्या पुस्तकात या दाव्याला शतकातली वैज्ञानिक फजिती ठरवलं. उलट एमआयटीच्या वृत्तविभागात काम केलेल्या युजीन मॅलव्ह यांचं 'फायर फ्रॉम आइस' हे पुस्तक आशेनं भारलेलं. दोघांचीही अडचण मला एकच वाटते: निकाल आधी ठरवून मग पुरावे मांडले गेले. हुइझेंगा तर याच दाव्याची छाननी करणाऱ्या अमेरिकी सरकारी समितीचे सहअध्यक्ष होते, म्हणजे ते खटल्यातले पंच, इतिहासकार नव्हेत. स्टीव्हन क्रिव्हिट यांच्या याच विषयावरच्या २०१६च्या तीन खंडांपैकी 'लॉस्ट हिस्टरी' मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण तो १९८९ सोडून थेट विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या, विस्मरणात गेलेल्या मूलद्रव्यांतराच्या प्रयोगांकडे जातो. (त्यांचे सगळेच निष्कर्ष मात्र पटत नाहीत.) या इतिहासात मुंबईही आहे. पी. के. अय्यंगार संचालक असताना ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या अनेक गटांनी फ्लाइशमन-पॉन्स यांच्या धर्तीचे प्रयोग केले, न्यूट्रॉन आणि ट्रिटियम आढळल्याच्या नोंदी केल्या, आणि अय्यंगार व एम. श्रीनिवासन यांनी १९८९मध्येच त्यांचा अहवाल संपादित केला. जगभरच्या अनेक प्रयोगशाळांना हात हलवत परतावं लागलं असताना ट्रॉम्बेत नेमकं काय मोजलं गेलं, कोणत्या उपकरणांनी, आणि पुढे ते काम का मंदावलं, हे सांगणारं पुस्तक मला मराठीत वाचायचं आहे.