हजार वॅट आणि दहा बाय बाराची खोली

भुसावळात घरासाठी चांगली गाण्याची यंत्रणा घ्यायचं कुणी नुसतं मनात आणलं, की सल्ले सुरू होतात. पहिला सल्ला वॅटचा: घ्यायचंच तर हजार वॅटचं घ्या. दुकानदार हे सांगतो, शेजारी सांगतो, आणि पासावर मुंबईला जाऊन लॅमिंग्टन रोडवरून माल घेऊन आलेला लोको शेडमधला सहकारी तर हमखास सांगतो. दुसरा सल्ला स्पीकरच्या संख्येचा: दोनाचे दिवस गेले, आता पाच अधिक एक. तिसरा सल्ला जाणकार म्हणवणाऱ्यांचा. स्पीकर कोणतेही असोत, ॲम्प्लिफायर भारी हवा आणि वायर त्याहून भारी. माझ्या मते हे तिन्ही सल्ले चुकीचे आहेत. रेल्वे क्वार्टर असो, आयुध निर्माणीची वसाहत असो, दीपनगर असो की जामनेर रोडवरचं स्लॅबचं घर, ते कुठेही तपासून पाहता येतात.

आधी वॅट. खोक्यावर ठळक छापलेला पीएमपीओचा आकडा कुठल्याही मान्य पद्धतीनं मोजलेला नसतो; तो छापणाऱ्याच्या धाडसाचं मोजमाप असतो. अमेरिकेत असाच बाजार माजला तेव्हा १९७४ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनला ॲम्प्लिफायरची ताकद कशी मोजून सांगायची याचा नियम करावा लागला. तेव्हा पाहायचा तो आरएमएस, म्हणजे सतत देता येणाऱ्या ताकदीचा, आकडा, तोही किती ओहमला आणि एका वेळी किती चॅनल चालवून मोजला हे विचारून. 'सात चॅनल, प्रत्येकी शंभर वॅट' असं लिहिलेल्या रिसिव्हरची पाठ फिरवून पाहा. तिथं वीज किती घेतो ते लिहिलेलं असतं, आणि तो आकडा पुष्कळदा चारपाचशे वॅटच्या आतबाहेर निघतो. त्या आकड्याची मोजणी वेगळ्या रीतीची असते आणि साठवलेल्या विजेवर यंत्र क्षणभर जास्तही देऊ शकतं, हे कबूल. पण भिंतीतून चारशे घेऊन स्पीकरला सातशे सतत देणारं यंत्र दीपनगरच्या वीजकेंद्रातल्या अभियंत्याला दाखवा, तो हसेल.

समजा आकडा खरा आहे. तरीही वॅट दुप्पट केले की आवाज वाढतो फक्त ३ डेसिबलनं, म्हणजे जेमतेम जाणवेल इतका. कानाला दुप्पट वाटायला ताकद दहापट लागते. उलट स्पीकरची संवेदनशीलता, म्हणजे एक वॅट दिल्यावर एक मीटरवर तो किती डेसिबल देतो हा आकडा, कुणी विचारत नाही. ८४ डेसिबलच्या स्पीकरला जे काम करायला १०० वॅट लागतात, तेच ९० डेसिबलचा स्पीकर २५ वॅटमध्ये करतो. दहा बाय बाराच्या खोलीत दोन-अडीच मीटरवर बसून रोजच्या आवाजात गाणं ऐकताना सरासरी एक वॅटसुद्धा खर्च होत नाही. तबल्याची थाप किंवा ब्रासचा झटका आला की क्षणभर वीसेक लागतात. प्रामाणिक ४० वॅट म्हणजे या खोलीसाठी श्रीमंती.

यावर एक उत्तर नेहमी येतं, आणि ते पोकळ नाही: कमजोर ॲम्प्लिफायर पूर्ण पिळला तर आवाज फाटतो आणि ट्विटर जळतो. खरं आहे. मात्र ४० वॅट पूर्ण पिळण्याची वेळ यायला समोर लग्नाचं मैदान लागतं. आपल्याकडची खरी गोची हीच आहे. वरातीतल्या डीजेच्या भिंतीवर आपण कान तयार केले आणि तीच छातीतली धडधड बैठकीच्या खोलीत मागायला लागलो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. भिंतीला भिंत लागलेल्या क्वार्टरमध्ये शेजारी त्या नियमाआधीच दार वाजवतो.

आता पाच अधिक एक. चित्रपट बघणाऱ्यासाठी मधला स्पीकर उपयोगी आहे, हे मी आधीच मान्य करतो. संवाद पडद्यातून येतात, बाजूला बसलेल्यालाही नीट कळतात. पण आपल्या घरांत ऐकतात काय? लता, आशा, रफी, जुनी नाट्यगीतं, १९६१च्या 'मानिनी'मधली बहिणाबाईंची गाणी. साठच्या दशकापर्यंतचं हे जवळजवळ सगळं ध्वनिमुद्रण मोनो आहे, एकाच वाटेचं. ते पाच स्पीकरांत वाटायचं म्हणजे यंत्रानं नसलेलं काहीतरी तयार करायचं. मग बाईंचा आवाज न्हाणीघरातून आल्यासारखा येतो आणि लोक म्हणतात, व्वा, इफेक्ट! दोन बरे स्पीकर असतील तर तोच मोनो आवाज दोघांच्या बरोबर मध्ये उभा राहतो, तिथं स्पीकर नसतानाही. नंतरच्या स्टिरिओ गाण्यांत वाद्यं डावी-उजवीकडे पसरतात. दोन वाटांतून दिशा आणि अंतर उभं करण्याचं तंत्र ॲलन ब्लमलिन या इंग्रज अभियंत्यानं १९३१ मध्ये पेटंटसाठी मांडलं होतं. ते जुनं आहे म्हणून टाकाऊ ठरत नाही.

शिवाय तो 'एक', म्हणजे सबवूफर, ठेवणार कुठे? कोपऱ्यात, कारण दुसरीकडे जागा नसते. आणि कोपरा ही त्याच्यासाठी सर्वांत वाईट जागा. खोली १० फूट रुंद असेल तर त्या दोन भिंतींमध्ये सुमारे ५७ हर्ट्झचा सूर घुमतो; १२ फुटांच्या लांबीत सुमारे ४८चा. आपल्याकडे स्लॅबही बहुधा १० फुटांवर असतो, म्हणजे ५७चा घुमारा दोन दिशांनी एकावर एक चढतो. खाली फरशी, वर काँक्रीट, चारी बाजूंना प्लास्टर, आवाज शोषायला काही नाही. कोपऱ्यातला सबवूफर हे सगळे घुमारे एकदम उठवतो. लोक त्याला 'बेस' म्हणतात. मडक्यात स्पीकर बसवून मिळायचा तो हाच बेस: कुठलाही सूर वाजवा, एकच हुंकार. पाच-सहा इंची वूफरचे दोन शेल्फ स्पीकर ५०-६० हर्ट्झपर्यंत बऱ्यापैकी उतरतात आणि खोली त्यांना पुढे हात देते. इथं एवढं पुरतं.

तिसरा पक्ष जाणकारांचा, आणि त्यांच्याशी वाद घालायला जास्त मजा येते. दीड चौरस मिलिमीटरच्या साध्या तांब्याच्या वायरचा, पाच मीटर अंतरासाठी जाऊन-येऊन दहा मीटरचा रोध सुमारे ०.१२ ओहम भरतो. ८ ओहमच्या स्पीकरपुढे तो दीड टक्का. हा फरक कानाला ऐकू येतो असं म्हणणाऱ्यानं डोळे बांधून ऐकावं. डोळे बांधणं ही थट्टा नाही. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या ध्वनिसंशोधकांनी हर्मन या स्पीकर बनवणाऱ्या कंपनीत नेमकं हेच केलं आणि १९९४ मध्ये मांडलं: तेच स्पीकर पडद्याआड वेगळे गुण मिळवत होते आणि दिसू लागल्यावर वेगळे. लहान, स्वस्त दिसणारा संच समोर दिसताच घसरला. ऐकणारे रस्त्यावरचे नव्हते, त्याच कंपनीची माणसं होती. म्हणून पैशांची वाटणी मी अशी करीन: निम्म्याहून बराच अधिक वाटा स्पीकरच्या जोडीला, उरलेल्यात ॲम्प्लिफायर किंवा साधा स्टिरिओ रिसिव्हर, वायर इलेक्ट्रिकच्या दुकानातून मीटरवर.

आणि भुसावळची गोष्ट भुसावळलाच लागू आहे. एप्रिल-मेमध्ये पारा ४५च्या पलीकडे जातो. बहुतेक यंत्रांच्या माहितीपुस्तिकेत चालवण्याचं तापमान ३५ किंवा ४० अंशांपर्यंतच लिहिलेलं असतं. त्यात आपण रिसिव्हर ठेवतो टीव्हीखालच्या काचेच्या कपाटात, वर सेट-टॉप बॉक्स, त्यावर क्रोशाचा रुमाल. आतल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य तापमान दहा अंशांनी वाढलं की साधारण निम्मं होतं, असा अभियंत्यांचा ठोकताळा आहे. सात चॅनलची भट्टी इथं मेमध्ये नको. कमी तापणारा क्लास-डी जातीचा किंवा मोठ्या हीटसिंकचा दोन चॅनलचा ॲम्प्लिफायर उघड्यावर ठेवा, वर वीतभर जागा सोडा. त्याच महिन्यांत कूलर चालू असतो. त्याच्या घरघरीत माणसं आवाज चढवून बोलतात, तर महागड्या ॲम्प्लिफायरचा सूक्ष्म तपशील कुणाला ऐकू येणार? आवाज वाढवण्याऐवजी स्पीकर श्रोत्याच्या जवळ आणावेत, ट्विटर कानाच्या उंचीवर, कोपऱ्यापासून दोन-तीन फूट दूर. याला पैसा लागत नाही, घरातल्यांची संमती लागते, आणि ती जास्त महाग पडते.

दुरुस्तीचं कुणीच बोलत नाही, ते मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. नव्या रिसिव्हरमधला एचडीएमआयचा बोर्ड गेला की यंत्र पुण्या-मुंबईला पाठवा आणि वाट पाहा. साध्या ॲम्प्लिफायरमध्ये ५२००-१९४३ची ट्रान्झिस्टर जोडी उडाली तर गावातला मेकॅनिक ती बदलून देतो. त्यानं जोडलेल्या असेम्बल ॲम्प्लिफायरची टिंगल करण्याची फॅशन आहे. मला ती पटत नाही. चांगला ट्रान्सफॉर्मर घातलेला असेम्बल ॲम्प्लिफायर या खोलीला पुरून उरतो. स्पीकरची पेटी मात्र सुतारावर सोडू नये. प्लायवूड तो उत्तम कापेल, पण पेटीचं घनफळ, भोकाची लांबी आणि वूफर-ट्विटरमधला क्रॉसओव्हर हे मोजून ठरवायचं काम आहे. तिथं कंपनीची तयार जोडी घ्यावी.

घेताना आपलं गाणं पेनड्राइव्हवर न्यावं, शेकडो वेळा ऐकलेलं, ज्यात बाईमाणसाचा गळा आणि हार्मोनियम आहे असं. जळगाव आकाशवाणीवरच्या निवेदकाचा आवाज असेल तर आणखी चांगलं, कारण बोलता माणूस कसा वाटतो हे कानाला कुणी शिकवावं लागत नाही. बेस-ट्रेबलची बटणं मधोमध आणायला लावावीत. दोन जोड्या ऐकताना दोन्हींचा आवाज सारखा करून घ्यावा, मोबाइलवरचं डेसिबलचं ॲप एवढ्यापुरतं पुरेसं आहे. एखाद्या डेसिबलनं मोठी असलेली जोडी कानाला उगाच सरस वाटते, आणि हे दुकानदाराला ठाऊक असतं. तो म्हणाला की अशी तुलना आमच्याकडे करत नाहीत, तर नमस्कार करून निघावं. जळगाव गाडीनं अर्ध्या तासावर आहे आणि गोलाणी मार्केटमध्ये दुकानं पुष्कळ आहेत.