काळ्या हेलिकॉप्टरचे शेपूट
अमेरिकेतले ‘काळे हेलिकॉप्टर’ म्हणजे आपल्याकडच्या मुंजासारखे, पाहणारा नेहमी शेजारच्या गावचा. सत्तरच्या दशकात पश्चिमेकडच्या कुरणांत कान, जीभ, सड नाहीसे झालेली मेलेली गुरे सापडू लागली आणि लोकांनी नाव-नंबर नसलेल्या हेलिकॉप्टरांवर बोट ठेवले. (१९८० सालच्या न्यू मेक्सिकोतल्या चौकशी अहवालाने हे काम मुख्यतः मांसखाऊ प्राणी-पक्ष्यांचे ठरवले, ऐकतो कोण?) नव्वदीत त्याच हेलिकॉप्टरांतून संयुक्त राष्ट्रांचे सैनिक उतरणार अशी आवई उठली. हॉलिवूडच्या हाती तर आयतेच कोलीत. १९९७च्या ‘कॉन्स्पिरसी थिअरी’तही ती घिरट्या घालतात. पण धूर अगदीच आगीविना नव्हता. अमेरिकी लष्कराची १६०वी विशेष हवाई रेजिमेंट खरोखरच काळी हेलिकॉप्टरे रात्रीच्या अंधारात उडवते. २ मे २०११ रोजी पाकिस्तानातल्या अबोटाबादेत, ओसामा बिन लादेनवरच्या छाप्यात, त्याच्या आवारात त्यांतले एक कोसळले. सैनिकांनी ते स्फोटके लावून उडवले, पण शेपूट कुंपणाच्या भिंतीवर शाबूत राहिले. छोट्या पंख्यावर ताटासारखे झाकण असलेले असे शेपूट तज्ज्ञांनीही तोवर कधी पाहिले नव्हते. पाकिस्तानने ते त्याच महिन्यात अमेरिकेला परत केले.