घोडा समुद्रात, पैसा जहाजात

कॅरिबियन क्रूझवरून कुणी परत आलं की एक फोटो ठरलेला. निळंशार पाणी, छातीपर्यंत समुद्रात शिरलेला घोडा आणि वर लाइफ जॅकेट घातलेले आपले काका नाहीतर वहिनी. फोटो झकास असतो, वाद नाही. पण मंडळी, शेजारी लगाम धरून उभा असलेला घोडेवाला त्यात बहुतेक वेळा कापलेला असतो. आजची पोस्ट त्याच्याबद्दल.

जहाज सकाळी बंदराला लागतं, संध्याकाळी सुटतं. मधल्या सात-आठ तासांत काय करायचं, ते बरेच प्रवासी जहाजावरच बुक करून टाकतात. घोडेस्वारी त्यातलीच. पैसे कंपनी घेते, आपला वाटा कापते, उरलेले स्थानिक चालकाला. त्यातून चारा, नाल, जनावरांचा डॉक्टर आणि घोडेवाल्याची मजुरी. बाहेर जाऊन स्वतः घोडा ठरवला तर स्वस्त पडू शकतो, पण परतायला उशीर झाला तर जहाज निघून जातं. कंपनीच्या सहलीला उशीर झाला तर सहसा थांबतं. या एका भीतीवर सगळा धंदा चालतो. आणि वादळामुळे जहाज दुसरीकडे वळलं तर प्रवाशाला सहलीचे पैसे परत मिळतात. घोडा त्या दिवशीही खातोच की!

आता तर बंदराच्या गावाचीही गरज उरलेली नाही. बहामाजमधलं लिटल सॅन साल्वाडोर हे बेट हॉलंड अमेरिका लाइनने १९९६ साली विकत घेतलं आणि त्याला हाफ मून के म्हणायला लागले. समुद्रात घोडे घालायची सोय तिथेही आहे. नाही ते फक्त गाव. मग रिक्षा-टॅक्सीवाला नाही, शहाळंवाला नाही, घासाघीस नाही. हैतीत लाबादीला रॉयल कॅरिबियनने भाड्याने घेतलेला किनारा कुंपणाआड आहे. जानेवारी २०१० च्या भूकंपानंतर काही दिवसांतच तिथे जहाज लागलं. मदतीचं सामान आणलं होतं हे खरं, पण कुंपणाच्या आत लोक पोहत होते हेही खरंच.

जमैकात १९५६ चा किनारा कायदा आहे. त्यात सामान्य माणसाला समुद्रावर जायचा सरसकट हक्कच नाही. याउलट बार्बाडोसमध्ये किनारे सगळ्यांचे. ब्रिजटाऊनला शर्यतीचे घोडे पहाटे कार्लाइल बेमध्ये आंघोळीला आणतात आणि शेजारी गावातली माणसं पोहत असतात. तिकीट नाही, गेट नाही.

सरकारं कर का लावत नाहीत, असं कुणी विचारेल. मेक्सिकोने प्रयत्न केला. जुलै २०२५ पासून क्रूझच्या प्रत्येक प्रवाशामागे ४२ डॉलर घ्यायचं ठरवलं. कंपन्यांनी ओरड केली आणि सुरुवातीचा आकडा ५ डॉलरवर आला. एवढ्या मोठ्या देशाची ही गत, तर छोट्या बेटाने डोळे वटारले तर काय होणार? जहाज शेजारच्या बेटावर जाईल, बस्स.

हे सगळं इथे लिहायचं कारण, क्रूझ भारत मिशन सप्टेंबर २०२४ मध्ये मुंबईतूनच सुरू झालं. जहाजं यावीत, माझा विरोध नाही. गोव्याची, कोकणातली कितीतरी पोरं जहाजांवर राबून घरं चालवतात. पण अलिबाग-काशीदला घोडेवाले आज पुळणीवर फिरतात, त्यांचं पुढे काय? कुंपण कुठपर्यंत, सहली कोण विकणार, प्रवाशामागे ग्रामपंचायतीला किती मिळणार, हे जेट्टीच्या करारावर सही होण्याआधी कागदावर यायला हवं. किनाऱ्यावरच्या गावांतले जे कुणी ही पोस्ट वाचताय, त्यांनी पुढच्या ग्रामसभेत हे तीन प्रश्न लेखी द्या आणि पोच घ्यायला विसरू नका.