माइकसमोर बसण्यापूर्वी

तीन पिढ्यांची पेढी चालविणाऱ्या गृहस्थांना हल्ली एक नवे निमंत्रण येऊ लागले आहे. त्यात व्यासपीठ नसते, हारतुरे नसतात. आपल्याच घरी संगणकासमोर बसून तासभर बोलावयाचे आणि दूरच्या शहरातील निवेदकाने ते ध्वनिमुद्रित करावयाचे. पॉडकास्टच्या या गप्पांतून व्यापाराचे अनुभव ऐकण्यास तरुण मंडळी उत्सुक असतात. आयुष्यभर गादीवर बसून माणसे पारखणाऱ्याला बोलण्याची कसली तयारी, असे घरच्यांना वाटते. तयारी मात्र दुहेरी लागते. एक यंत्राची, दुसरी वाणीची.

यंत्राची तयारी सोपी आहे. रिव्हरसाइड, झेनकास्टर यांसारख्या सेवांत प्रत्येकाचा आवाज त्याच्याच संगणकावर मुद्रित होऊन मग निवेदकाकडे पोहोचतो. त्यामुळे मध्येच इंटरनेट अडखळले तरी मूळ आवाज सहसा सुरक्षित राहतो. मात्र बोलणे संपताच घाईने संगणक बंद केला, तर उरलेला भाग पोहोचत नाही. सर्व मिळाल्याचे निवेदकाने सांगेपर्यंत थांबावे. हेडफोन तारेचे असावेत. स्पीकर लावल्यास निवेदकाचाच आवाज पुन्हा माइकमध्ये शिरतो. माइक तोंडापासून वीतभर अंतरावर आणि किंचित बाजूला असावा, म्हणजे ‘प’, ‘फ’, ‘भ’ उच्चारताना श्वासाचा धक्का त्यावर बसत नाही.

खोली निवडताना शोभा पाहू नये. फरशी आणि काचांच्या दिवाणखान्यात आवाज आदळून परत येतो. पडदे, सतरंजी, गाद्या आणि कपड्यांनी भरलेले कपाट असलेली लहान खोली अधिक बरी. कापडाचा व्यापार असेल, तर ताक्यांनी भरलेली वखार उत्तम. पंखा आणि मोबाइल बंद ठेवावा, घरात वेळ सांगून ठेवावी आणि आदल्या दिवशी पाच मिनिटांची चाचणी घ्यावी. चौविहार पाळणाऱ्यांनी सकाळची वेळ मागून घ्यावी. सूर्यास्तानंतर पाणी वर्ज्य असता कोरड्या घशाने तासभर बोलणे कठीण जाते.

वाणीची तयारी याहून सूक्ष्म आहे. प्रश्नांचे विषय आधी मागवावेत आणि पाच-सहा मुद्दे कागदावर टिपावेत. संपूर्ण लिहून वाचल्यास बोलण्यातील जिव्हाळा हरपतो. आजोबांनी किती भांडवलावर दुकान मांडले, हे जुन्या चोपड्यांतून किंवा घरातील वडीलधाऱ्यांकडून पडताळून घ्यावे. घरोघरी सांगितल्या जाणाऱ्या अशा कथांतील आरंभीची रक्कम दर पिढीला लहान होत जाते आणि कष्ट मोठे होत जातात.

खरी कसोटी एका साध्या प्रश्नाने लागते. निवेदक सहज विचारतो, “जुनी भागीदारी का तुटली?” गप्पा रंगलेल्या असतात, समोर कोणी दिसत नसते, खोली आपलीच असते. अशा वेळी वीस वर्षे मनात राहिलेले वाक्य ओठांवर येते. भागीदार आता हयातही नसेल, पण त्याचा नातू त्याच बाजारपेठेत बसतो आणि त्याच्या मोबाइलवरही ते वाक्य पोहोचते. उत्तर देण्यास तेथे आजोबा नसतात.

तत्त्वार्थसूत्रात सत्याणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांत खोटा उपदेश आणि खोटे दस्तऐवज आहेत, तसेच एकांतातील गोष्ट उघड करणे आणि हावभावांवरून जाणलेले दुसऱ्याचे मनोगत फोडणे हेही आहे. म्हणजे खरे बोलूनही व्रताला दोष लागू शकतो. मुलाखत देणाऱ्या श्रावकाने हे आदल्या दिवशी आठवावे आणि नोकर, ग्राहक, भाऊबंद व भागीदार यांपैकी कोणाविषयी काय बोलावयाचे नाही, हे आधीच ठरवावे. “त्या वेळी आमचे मार्ग वेगळे झाले; त्यांची बाजूही होती,” एवढे उत्तर पुरेसे असते. त्यात असत्य नाही आणि अनेकान्ताचा मानही राखला जातो.

निवेदकाशीही आधीच स्पष्ट बोलून घ्यावे. चित्रीकरण होणार की केवळ आवाज, काटछाट कोण करणार, प्रसारणापूर्वी एखादा भाग वगळण्याची विनंती मान्य होईल का, हे विचारण्यात संकोच नसावा. सौदा ठरविताना व्यापारी अटी विचारतोच. शिवाय निवेदकाने “सुरू करू या” म्हणण्यापूर्वीचे बोलणेही मुद्रित होत असेल, असे धरूनच बोलावे.

संवत्सरीला ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणून मन हलके करता येते. पण दुखावणारे वाक्य मुद्रित झालेले असेल, तर क्षमायाचनेनंतरही ते त्याच आवाजात पुन्हा पुन्हा ऐकू येत राहते. भाषासमिती मुनींसाठी सांगितली आहे खरी. माइकसमोर बसणाऱ्या गृहस्थालाही त्या एका तासापुरती ती उपयोगी पडेल.