खोलीचं भाडं सुगीवर ठरवा

लेकरू सातवी पास झालं की लातूरची वाट धरायची, ही रीत आता औसा, रेणापूर, चाकूरकडच्या गावांत रुळली आहे. देशिकेंद्र म्हणा, केशवराज म्हणा, प्रवेश झाला की बाप जूनमध्ये शाळेभोवतीच्या गल्ल्या पालथ्या घालतो. खोली मिळते, पण डिपॉझिट रोख लागतं. आणि नेमक्या त्याच पंधरवड्यात बियाणं-खत घ्यायचं असतं!

मग काय होतं, ते बांधावर फिरताना मला दरसाल दिसतं. खताची दोन पोती कमी होतात, नाहीतर आडत्याकडून उचल घेतली जाते. उचल घेतली की सोयाबीन त्याच्याच आडतीवर, तो म्हणेल त्या भावानं. म्हणजे खोलीचं खरं भाडं घरमालक सांगतो त्याहून जास्त पडतं.

शेतकरी बंधूंनो, जरा हिशेब मांडून बघा. समजा, भाडं महिना ३ हजार. वर्षाचे झाले ३६ हजार. सोयाबीनला क्विंटलला ४ हजार भाव धरला तर ९ क्विंटल माल. कोरडवाहूत एकरी ६ क्विंटल उतारा पडला तर दीड एकराचं अख्खं पीक एका खोलीत गेलं. फवारणी, काढणी, मळणीचा खर्च वेगळाच.

शिक्षण नको असं मी म्हणत नाही. माझं म्हणणं एवढंच की खोली जूनमध्ये शोधू नका. मार्चमध्ये दहावी-बारावीची पोरं परीक्षा देऊन खोल्या सोडतात, तेव्हा निवडीला वाव असतो आणि तुरीचे पैसेही हातात असतात. घरमालकाला सरळ विचारा: दरमहा देण्याऐवजी निम्मं भाडं दिवाळीला, निम्मं तुरीवर चालेल का? सगळेच मानणार नाहीत. पण बरेच घरमालक मूळचे आपल्यासारखेच खेड्यातले, सुगी म्हणजे काय हे त्यांना शिकवावं लागत नाही.

करार मात्र लेखी करा. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे तो नोंदणीकृत असावा लागतो आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. डिपॉझिटचा आकडा त्यात लिहून घ्या. “आपलाच माणूस आहे” म्हणून तोंडी व्यवहार करणारे पुढं डिपॉझिटसाठी खेटे घालतात.

पाण्याची चौकशी मालकाकडं नको, शेजारच्या बाईकडं करा. २०१६ च्या उन्हाळ्यात याच लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. मे महिन्यात बोअर चालतो का, टँकरचे पैसे कोण देतं, हे तीच खरं सांगेल. आणि लांबची खोली स्वस्त म्हणून घेऊ नका. रोजचा ऑटो धरला की ती महाग पडते, शिवाय संध्याकाळी पोरगी घरी येईपर्यंत जिवाला घोर.

एका गावच्या तीन-चार घरांनी मिळून शेजारशेजारच्या खोल्या घेतल्या तर आणखी बरं. पाळीपाळीनं एकच मोठं माणूस तिथं राहील, बाकीच्या आया खुरपणीला रानात राहतील. तूर घेऊन मार्केट यार्डात जाल, त्याच खेपेला शाळेकडं एक चक्कर टाका.