गाडी एक, सीमा एक, कर मात्र दोन

पुण्याहून निघालेला राष्ट्रीय महामार्ग ६५ सोलापूर व उमरगा ओलांडून कर्नाटकात शिरतो आणि बसवकल्याण तालुक्यातून हुमनाबादमार्गे हैदराबादकडे जातो. ही सीमा ओलांडताना शेतातील तूर बदलत नाही, टपरीवरील चहा बदलत नाही, आणि बऱ्याच गावांत बोलणेही मराठीच राहते. बदलतो तो वाहनावरील कर. एक्स-शोरूम पन्नास लाख रुपयांची पेट्रोल गाडी उमरग्याच्या पत्त्यावर नोंदविली, तर महाराष्ट्राचा १३ टक्के दराचा एकरकमी कर साडेसहा लाख रुपये होतो. तीच गाडी बसवकल्याणच्या पत्त्यावर नोंदविली, तर कर्नाटकाचा १८ टक्के दराचा आजीवन कर नऊ लाख होतो; त्यावरील उपकर वेगळा. म्हणजे अडीच लाखांहून अधिक अंतर, आणि तेही ज्यांच्या सोयरिकी, शेती व व्यापार दोन्ही बाजूंना पसरला आहे अशा माणसांच्या दारात.

गोव्यातील वाचकाला बिदर आणि कलबुर्गी दूरचे वाटतील; पण पोळे किंवा मोले ओलांडले की आपल्यालाही हेच कर्नाटक भेटते. बेंगळुरूत नोकरीला गेलेल्या मुलाकडे ‘जीए’ क्रमांकाची गाडी ठेवणारी कुटुंबे आपल्याकडे कमी नाहीत. सीमाभागात जो प्रश्न रोजचा आहे, तो आपल्याकडे अधूनमधून, बहुधा दंडाच्या नोटिशीसोबत, येतो.

वस्तू समजल्याशिवाय कराचा वाद कळणार नाही. म्हणून आधी गाडी. वाहन कंपन्यांची प्रसिद्धिपत्रके उपसंपादकाच्या टेबलावर सतत येत असतात. त्यांतील ‘एंट्री लेव्हल लक्झरी क्रॉसओव्हर’ या शब्दांचे मराठी करताना नवशिका हात ‘परवडणारी आलिशान गाडी’ असे लिहून मोकळा होतो. पन्नास लाखांना परवडणारी म्हणणे हा भाषेवरचा अन्याय आहे. खरा अर्थ इतकाच, की आलिशान ब्रँडच्या घरात शिरण्याचा हा पहिला दरवाजा. बीएमडब्ल्यूची एक्स-१, आउडीची क्यू-३ आणि मर्सिडीज-बेन्झची जीएलए ही या दरवाजातील तीन परिचित नावे. तिन्हींची जुळणी भारतातच होते: एक्स-१ची चेन्नईजवळ, जीएलएची चाकणला आणि क्यू-३ची छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे मराठवाड्यातच.

क्रॉसओव्हर ही दिसायला जीप असली तरी रचनेने मोटारच. बोलेरोसारख्या गाडीत खाली स्वतंत्र शिडीसारखी चौकट असते आणि वर शरीर बसविलेले असते. क्रॉसओव्हरमध्ये चौकट व शरीर एकच असते. त्यामुळे गाडी हलकी, वळणावर स्थिर आणि अपघातात आघात शोषणारी होते. मात्र नांगरटीच्या रानातून उसाच्या फडापर्यंत नेण्यासाठी ती घडविलेली नसते. पहिल्या पिढीची एक्स-१ २००९ मध्ये आली तेव्हा तिची रचना मागील चाकांना शक्ती देणाऱ्या गाड्यांची होती. २०१५ च्या दुसऱ्या पिढीपासून ती पुढील चाकांच्या रचनेवर गेली आणि पायाभूत सांगाडा मिनी या भावंड ब्रँडशी वाटून घेऊ लागली. इंजिन आडवे बसविल्याने बोनेट आखूड होते आणि आतील जागा वाढते. भारतात जानेवारी २०२३ मध्ये आलेल्या तिसऱ्या पिढीच्या पेट्रोल एक्स-१मध्ये दीड लिटरचे तीन सिलिंडरचे टर्बो इंजिन आहे: १३६ अश्वशक्ती, २३० न्यूटन-मीटर पीळ. पन्नास लाख मोजून तीन सिलिंडर, हे ऐकून अनेकांच्या भुवया उंचावतात.

जीएलए २००ची गोष्ट याहून रंजक. तिचे १.३ लिटरचे चार सिलिंडर टर्बो इंजिन रेनॉ-निस्सान समूहाबरोबर संयुक्तपणे विकसित झाले. त्याच कुळातील इंजिन २०२० मध्ये भारतात रेनॉ डस्टरमध्येही मिळत होते. जीएलएमध्ये ते १६३ अश्वशक्ती व २७० न्यूटन-मीटर देते. क्यू-३ मात्र या तिघींत वेगळी पडते. २०२२ मध्ये भारतात आलेल्या तिच्या दुसऱ्या पिढीत दोन लिटरचे १९० अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन व चारही चाकांना शक्ती देणारी क्वाट्रो यंत्रणा आहे. एरवी पुढील चाकेच गाडी ओढतात. घसरण जाणवली की क्लचमार्फत मागील चाकांकडे शक्ती वळते. तिचा सांगाडा फोक्सवॅगन समूहाचा एमक्यूबी. त्याच कुळाच्या सांगाड्यावरील स्कोडा कोडियाक व फोक्सवॅगन टिग्वान यांचीही जुळणी संभाजीनगरलाच झालेली आहे.

यात फसवणूक काही नाही. सांगाडा सामायिक असला तरी झटकेशोषक, आवाजरोधन, आसने व सुरक्षेची साधने यांतील फरक चालवताना जाणवतो. पण ‘आलिशान’ या शब्दाची किंमत नेमकी कोठे मोजली जाते, हे गिऱ्हाइकाला ठाऊक असावे. आणि त्या किमतीचा सर्वांत जाड थर यंत्राखालोखाल कराचा आहे.

२२ सप्टेंबर २०२५ पासून मोटारींवरील वस्तू व सेवा कराची रचना बदलली. त्यापूर्वी २८ टक्के कर आणि त्यावर भरपाई उपकर होता. चार मीटरहून लांब, दीड लिटरहून मोठे इंजिन व १७० मि.मी. वा अधिक भूमी-अंतर अशा गाडीला २२ टक्के उपकर, म्हणजे एकूण ५० टक्के. इंजिन दीड लिटरच्या आत असेल तर एकूण ४५ टक्के. एक्स-१चे पेट्रोल इंजिन १४९९ घन सेंटिमीटरचे का, याचे एक उत्तर येथे सापडते, जरी युरोपातील प्रदूषणाचे नियमही त्यामागे आहेतच. आता या सर्वांना सरसकट ४० टक्के. ५० वरून ४० वर येताना किंमत सुमारे साडेसहा टक्क्यांनी उतरते, ४५ वरून ४० वर येताना सुमारे साडेतीन टक्क्यांनी. मोठ्या इंजिनाला मोठी सवलत मिळाली, ही गोष्ट त्या वेळच्या जल्लोषात फारशी बोलली गेली नाही.

पन्नास लाखांच्या पेट्रोल गाडीत कारखाना व विक्रेता यांच्या वाट्याचे सुमारे ३५ लाख ७१ हजार आणि वस्तू व सेवा कर सुमारे १४ लाख २९ हजार. त्यात कर्नाटकाचे नऊ लाख मिळविले की विमा वगळून ५९ लाखांच्या खर्चापैकी २३ लाखांहून अधिक रक्कम दोन सरकारांकडे जाते. पन्नास लाखांच्या विद्युत गाडीवर मात्र वस्तू व सेवा कर ५ टक्केच, म्हणजे सुमारे २ लाख ३८ हजार. बीएमडब्ल्यूने जानेवारी २०२५ मध्ये लांब आवृत्तीची आयएक्स-१ ४९ लाखांना आणली तेव्हा ती पेट्रोल एक्स-१च्या बरोबरीला कशी आली, याचे कोडे या आकड्यांत सुटते. तिची बॅटरी ६६.४ किलोवॅट-तासांची, शक्ती २०४ अश्वशक्ती आणि चाचणीतील पल्ला ५३१ किलोमीटर. प्रत्यक्षात, कलबुर्गीच्या उन्हाळ्यात वातानुकूलन सतत चालू ठेवून, पल्ला बराच कमी धरावा. तरी बिदर ते हैदराबाद हे सुमारे १४० किलोमीटरचे अंतर जाऊन-येऊन आवाक्यात राहते.

या विद्युत गाडीपाशी सीमेवरील दरी आणखी रुंदावते. कर्नाटकाने मार्च २०२४ मध्ये २५ लाखांहून महाग विद्युत मोटारींवर १० टक्के आजीवन कर लावला. महाराष्ट्राने २०२५ च्या अर्थसंकल्पात ३० लाखांवरील विद्युत गाड्यांना ६ टक्के कर सुचविला आणि महिन्याभरात तो मागे घेतला. तेलंगणाने नोव्हेंबर २०२४ पासून विद्युत वाहनांना पथकर व नोंदणीशुल्क माफ केले, त्याची मुदत डिसेंबर २०२६ अखेर. म्हणजे एका बाजूला उदगीर, दुसऱ्या बाजूला झहिराबाद, आणि मधल्या बिदरमध्ये त्याच गाडीला पाच लाख. १९५६ पूर्वी उदगीर, निलंगा व अहमदपूर हे तालुके बिदर जिल्ह्यातच होते. राज्यपुनर्रचनेने जिल्ह्याची फाळणी केली, ती भाषेच्या नावाने. सीमावादाची ८६५ गावे आजही महाराष्ट्राच्या दाव्यात आहेत. पण त्या फाळणीचा हिशेब रुपयांत इतका स्पष्ट क्वचितच दिसतो.

साहजिकच पलीकडच्या मामाचा पत्ता आठवतो. ‘एमएच २४’ किंवा ‘एमएच १३’ची पाटी लावून गाडी भालकीला किंवा आळंदला उभी करण्याचा मोह कोणालाही होईल. कायदा मात्र पाटी पाहून थांबत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ४० सांगते की मालकाचे निवासस्थान वा व्यवसायाचे ठिकाण जेथे आहे आणि गाडी सामान्यतः जेथे ठेवली जाते, तेथे नोंदणी हवी. कलम ४७ नुसार दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ गाडी ठेवली तर नवा क्रमांक घ्यावा लागतो. २०२५ मध्ये बेंगळुरूत परराज्यांच्या क्रमांकांच्या महागड्या गाड्यांवर मोहीम झाली. महाराष्ट्रात नोंदलेल्या एका फेरारीच्या मालकाला जुलैमध्ये सुमारे एक कोटी चाळीस लाखांचा कर व दंड एका दिवसात भरावा लागला. फेरारीची बातमी होते. जीएलएची होत नाही, पण नियम दोघींना तोच.

येथे माझे मत सरळ आहे: खोट्या पत्त्यावर नोंदणी ही करचोरीच, आणि मराठी असण्याची ढाल तिच्यापुढे धरू नये. परंतु ज्याचे घर खरोखर दोन्हीकडे आहे, त्याचे काय? बसवकल्याणला दुकान, उमरग्याला शेती, आठवड्यातून चार फेऱ्या, अशी माणसे या पट्ट्यात कल्पनेतली नाहीत. गाडी ‘सामान्यतः’ कोठे असते, हे त्यांनी कसे सिद्ध करावे? टोलच्या फास्टॅगच्या नोंदी, देखभालीच्या पावत्या व विम्यावरील पत्ता जपून ठेवणे एवढेच त्यांच्या हाती उरते. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गाडी कायमची न्यायची तर मूळ कार्यालयाचा ना-हरकत दाखला, नव्या राज्यात वयानुसार कर, आणि जुन्या राज्याकडे उरलेल्या वर्षांच्या परताव्याचा अर्ज. आधी पैसे भरायचे आणि परताव्याची वाट मागाहून पाहायची, अशी ही उलटी वाट आहे.

सप्टेंबर २०२१ पासून केंद्राने ‘बीएच’ मालिका सुरू केली. तिच्यात कर दोन दोन वर्षांचा भरता येतो, वीस लाखांवरील पेट्रोल गाडीला दर १२ टक्के, डिझेलला दोन टक्के अधिक, विद्युतला दोन टक्के कमी. दुसऱ्या राज्यात गेले तरी क्रमांक बदलावा लागत नाही. उपाय चांगला आहे. पण तो केंद्र व राज्य सरकारचे कर्मचारी, सैन्यदल, बँका, सार्वजनिक उपक्रम आणि चार वा अधिक राज्यांत कार्यालये असलेल्या खासगी कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांपुरता. मोंढ्यातील आडत्या, खासगी दवाखाना चालविणारा डॉक्टर, बागायतदार यांना तिच्यात जागा नाही. सीमेला लागून असलेल्या तालुक्यांतील रहिवाशांना, दोन्हीकडील मालमत्तेचे कागद दाखविल्यावर, हीच सोय द्यायला तांत्रिक अडचण कोणती, हे परिवहन मंत्रालयाने सांगायला हवे. पोळ्याच्या गोवेकरालाही त्याचा उपयोग होईल.

गाडी घेणाऱ्यासाठी कराइतकीच मोठी बाब रस्त्याची आहे. काळ्या मातीचा थर पावसात फुगतो व उन्हाळ्यात आकसतो. त्यामुळे या भागातील आडरस्ते लाटांसारखे होतात. बोलेरोच्या २१५/७५ आर १५ टायरची बाजूची भिंत सुमारे १६१ मि.मी. उंच असते, २२५/५५ आर १८ या आकाराच्या टायरची सुमारे १२४. खड्ड्याची कड लागली की टायर फुगणे वा मिश्रधातूचे चाक तडकणे या फरकातून होते. पूर्ण आकाराचे सुटे चाक या वर्गात गृहीत धरू नये, डिकी उघडून पाहावे. डिझेल घेणाऱ्याने आणखी एक पाहावे: धूर गाळणारी जाळी स्वच्छ होण्यासाठी गाडीला अधूनमधून महामार्गावर सलग पळवावे लागते; रोज घर ते दुकान एवढेच फिरणाऱ्याला ती त्रास देते. आणि वर्षाच्या देखभालीसाठी हैदराबाद किंवा पुणे गाठावे लागेल का, हे सही करण्यापूर्वी विक्रेत्याकडून लेखी घ्यावे, कारण हा खर्च कोणत्याही राज्याच्या करतक्त्यात दिसत नाही.