फळा बोलका, वर्ग मुका?

हल्लीं कोणत्याही शाळेचें माहितीपत्रक उघडून पाहावें, त्यांत प्रशस्त इमारत, क्रीडांगण व वाचनालय यांच्या जोडीला एक नवें भूषण हटकून आढळतें. तें म्हणजे स्मार्ट बोर्ड. बोटाच्या स्पर्शानें ज्यावर अक्षरें उमटतात, चित्रें सरकतात, नकाशे लहानमोठे होतात, असा हा प्रकाशमान फळा होय. कोल्हापुरांतील कित्येक शाळांत तो आला आहे. जेथें आला नाहीं तेथें तो केव्हां येणार, अशी पृच्छा पालक प्रवेशाच्या वेळींच करतात. अशा समयीं एक साधा प्रश्न विचारावासा वाटतो: ह्या फळ्यानें आमचीं मुलें अधिक विचार करूं लागलीं काय? शाळेच्या वार्षिकांत हा प्रश्न काढणें कोणास अप्रशस्त वाटेल. परंतु ज्या गोष्टीसाठीं पालक पैसा देतात व विद्यार्थी आपला वेळ देतात, तिची परीक्षा शाळेच्याच अंकांत व्हावी हें योग्य, असें आम्हांस वाटतें.

फळ्याचा पूर्वेतिहास थोडक्यांत आठवूं. पंतोजींच्या शाळेंत धूळपाटी असे. तीवर बोटानें अक्षर गिरवावें, मोडावें आणि पुन्हां गिरवावें. इ. स. १८५२ मध्यें रेव्हरंड रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी कोल्हापुरास आले व त्यांनीं येथें शाळा काढल्या. इ. स. १९१७ मध्यें राजर्षि शाहू छत्रपतींनीं आपल्या संस्थानांत सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला आणि मुलास शाळेंत न धाडणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेवला. पुढें १९८७ मध्यें गांवोगांवच्या प्राथमिक शाळांना निदान आवश्यक तीं साधनें मिळावीं म्हणून केंद्र सरकारनें ‘खडू-फळा मोहीम’ हातीं घेतली. आणि २०१९ मध्यें त्याच धर्तीवर डिजिटल फळ्याची मोहीम जाहीर झाली. मौज अशी कीं, धूळपाटीवर बोट चालत होतें आणि ह्या नव्या फळ्यावरही बोटच चालतें! प्रश्न उरतो तो इतकाच, कीं तें बोट कोणाचें, आणि त्याच्या मागें डोकें चालतें कीं नाहीं.

आम्हीं पाहिलेला एक तास येथें सांगतों. तो कोणत्या शाळेंतला, हें सांगण्याचें प्रयोजन नाहीं. तसे तास सर्वत्र होत असतात. विषय होता पंचगंगा नदी. फळ्यावर रिकाम्या चौकटी व खालीं नांवें: कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती, आणि गुप्त मानलेली सरस्वती. एकेका मुलानें पुढें यावें, नांव बोटानें ओढून चौकटींत टाकावें. बरोबर असल्यास फळा टाळ्या वाजवी; चूक असल्यास नांव आपोआप मागें जाई. तास रंगला. पांच मुलें फळ्यापाशीं आलीं, उरलेलीं पन्नास पाहत बसलीं. तास संपल्यावर आम्हीं दोघांतिघांस सहज विचारलें, “ह्या नद्यांना पूर आला म्हणजे शहरांत पाणी कोठल्या बाजूनें शिरतें? आणि पाऊस थांबला तरी तें लौकर कां उतरत नाहीं?” मुलें एकमेकांकडे पाहूं लागलीं. त्यांतील एकाच्या घरांत २०१९ सालीं पाणी शिरलें होतें, हें त्यानेंच आम्हांस मागाहून सांगितलें. ज्या गोष्टीचा त्यानें प्रत्यक्ष अनुभव घेतला होता, तिच्याविषयीं विचार करण्याचा प्रसंग त्या तासांत त्याला एकदांही आला नाहीं. त्यानें नांव ओढलें, टाळ्या घेतल्या, आणि तो जागेवर जाऊन बसला.

विचाराच्या पायऱ्या असतात, ही गोष्ट शिक्षणशास्त्रांत सर्वमान्य आहे. अमेरिकेंतील बेंजामिन ब्लूम व त्यांचे सहकारी यांनीं १९५६ मध्यें ह्या पायऱ्या मांडल्या. २००१ मध्यें त्यांची फेरमांडणी झाली. स्मरण, आकलन, उपयोजन, विश्लेषण, मूल्यमापन आणि निर्मिती असा तो क्रम आहे. खालच्या पायऱ्या तुच्छ नव्हेत. पाढे पाठ नसतील तर गणित अडेल, नद्यांचीं नांवें ठाऊक नसतील तर पुराची चर्चा कशाच्या आधारावर करावयाची? परंतु पहिल्या पायरीवरच दिवाळीची रोषणाई करून जिना चढल्याचा आनंद मानणें हें मात्र फसवें आहे. वर सांगितलेला तास स्मरणाचाच होता. पंतोजी जें छडीच्या धाकानें करून घेत, तेंच येथें टाळ्यांच्या लालचीनें झालें.

आतां तोच फळा आणि तोच नकाशा निराळ्या रीतीनें वापरून पाहूं. नकाशावर प्रयाग चिखलीचा संगम आहे, राजाराम बंधारा आहे, आणि खालीं नृसिंहवाडीस पंचगंगा कृष्णेला मिळते तें स्थळ आहे. राजाराम बंधाऱ्यापाशीं ३९ फूट ही इशारा पातळी व ४३ फूट ही धोका पातळी मानतात. ऑगस्ट २०१९ मध्यें व पुन्हां जुलै २०२१ मध्यें पाणी ५५ फुटांच्या वर गेलें. शिक्षकांनीं एवढीच सामग्री फळ्यावर मांडावी आणि विचारावें: “पूर इतका कां चढला?” प्रथम प्रत्येकानें आपल्या वहींत कारणें लिहावीं. घाटमाथ्यावरील पाऊस, धरणांतून सोडलेलें पाणी, पूररेषेच्या आंत झालेलीं बांधकामें, पुलांचे भराव, कर्नाटकांतील अलमट्टी धरणाचा फुगवटा, असें कांहीं ना कांहीं प्रत्येकाच्या घरीं बोललें गेलेलेंच असतें. मग तीं कारणें फळ्यावर यावीं आणि वर्गानें तीं सरकवून लावावीं: कोणत्या कारणास पुरावा आहे, कोणतें केवळ ऐकीव आहे, आणि कोणत्याविषयीं आणखी माहिती हवी. अलमट्टीच्या प्रश्नावर तर तज्ज्ञांतही मतभेद आहेत. म्हणजे येथें बरोबर उत्तर फळ्याच्या मागें दडून बसलेलें नाहीं. फळा टाळ्या वाजवूं शकत नाहीं. मुलांनाच एकमेकांस विचारावें लागतें, “हें तूं कशावरून म्हणतोस?” हा प्रश्न वर्गांत उमटला म्हणजे वरच्या पायरीवर पाऊल पडलें असें समजावें.

ह्या ठिकाणीं नव्या फळ्याचा खरा गुण दिसून येतो, आणि तो चकचकाटांत नाहीं. खडूच्या फळ्यावर लिहिलेलें तास संपतांच पुसलें जातें. त्याबरोबर मुलांची चूकही पुसली जाते व चुकीमागचा विचारही. नवा फळा आजचें सारें जपून ठेवतो. वर्गानें आज लावलेली कारणांची क्रमवारी आठ दिवसांनीं तशीच पुन्हां उघडतां येते. दरम्यान मुलांनीं आजोबांस विचारावें, वर्तमानपत्रांतील आंकडे पाहावे, नदीकाठीं जाऊन पुराच्या खुणा पाहाव्या, आणि मग आपलें पहिलें मत समोर ठेवून म्हणावें, “येथें आमचें चुकलें, कारण अमुक.” आपला कालचा विचार आज तपासतां येणें, यापरतें मोठें शिक्षण कोणतें? आमच्या मतें हा फळा विकत घेण्याचें समर्थनीय कारण एवढें एकच आहे. केवळ बरोबर उत्तरें दाखविण्यासाठीं तो घ्यावयाचा असेल, तर खडू स्वस्त आहे.

गणितांतही हाच नियम लागू पडतो. एका पायावर उभा असलेला त्रिकोण फळ्यावर काढावा व त्याचा शिरोबिंदु पायाशीं समांतर असलेल्या रेषेवरून सरकवावा. त्रिकोण तिरका, लांबट, विचित्र दिसूं लागतो. परंतु सरकविण्यापूर्वीं प्रत्येकानें वहींत लिहावें: क्षेत्रफळ वाढेल, घटेल, कीं तेंच राहील? ज्यानें ‘वाढेल’ असें लिहिलें त्याला आपलें मत पणास लावल्यामुळें पुढील हालचाल पाहण्याची खरी उत्सुकता असते. आधीं भाकित न करतां पाहिलेला देखावा म्हणजे नुसता चित्रपट होय. समाजशास्त्रांत आपल्या कोल्हापुरी चपलेचाच प्रश्न घ्यावा. तिला २०१९ मध्यें भौगोलिक मानांकन मिळालें, तें महाराष्ट्रांतील चार व कर्नाटकांतील चार अशा आठ जिल्ह्यांस मिळून. नांव कोल्हापुरचें असतां हक्क आठ जिल्ह्यांचा कां? तें न्याय्य आहे काय? नकाशा समोर असेल, कारागिरांचीं गांवें त्यावर दाखवितां येत असतील, तर आठवीचा वर्गही ह्या प्रश्नावर दोन्ही बाजूंनीं बोलूं शकेल.

केवळ यंत्र आणल्यानें विद्या वाढत नाहीं, हें इतरांनीं पैसे खर्चून आधींच पाहिलें आहे. हा फळा १९९१ मध्यें कॅनडांतील एका कंपनीनें प्रथम बाजारांत आणला. पुढें लंडनमधील माध्यमिक शाळांत सरकारी पैशानें तो मोठ्या प्रमाणावर बसविण्यांत आला. त्या योजनेची पाहणी लंडनच्या शिक्षणसंस्थेनें केली व तिचा अहवाल २००७ मध्यें निघाला. पहिल्या वर्षांत विद्यार्थ्यांच्या प्रगतींत लक्षणीय फरक आढळला नाहीं. दुसरी एक पाहणी ह्याहून जुनी आहे आणि तिला विजेची गरज नाहीं. मेरी बड रो ह्या अमेरिकन विदुषींना १९७० च्या सुमारास असें आढळलें, कीं प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एकच सेकंद थांबतात. तींच मंडळी तीन सेकंद थांबूं लागलीं, तेव्हां उत्तरें लांबलीं, न बोलणारीं मुलें बोलूं लागलीं, आणि ‘ठाऊक नाहीं’ हें उत्तर कमी झालें. नवा फळा उत्तर क्षणार्धांत देतो हें त्याचें वैशिष्ट्य म्हणून सांगतात. विचाराच्या दृष्टीनें पाहतां हाच त्याचा धोका आहे.

आमच्या म्हणण्यावर आक्षेप येतील व ते पोकळ नाहींत. एका वर्गांत साठ मुलें, फळा एक, मधूनच वीज जाते, दुरुस्तीस माणूस वेळेवर येत नाहीं, आणि अभ्यासक्रम पुरा व्हावयाचाच असतो. परीक्षा तर बहुधा स्मरणाचीच होते. आमचें उत्तर असें, कीं प्रत्येक तास पुराच्या चर्चेसारखा व्हावा अशी कोणाचीच मागणी नाहीं. एका घटकांत एक तास तसा झाला तरी पुष्कळ झालें. साठ मुलांचें म्हणाल, तर सर्वांनीं आधीं वहींत लिहावें आणि मग परस्परविरोधी अशीं दोनच उत्तरें फळ्यावर घ्यावीं. साठही जणांस आपलें मत त्यांशीं ताडून पाहतां येतें. वीज गेली तर वही जवळ आहेच. आणि जेथें वाचनालयाचें कपाट रिकामें आहे, तेथें आधीं पुस्तकें यावीं, फळा मागाहून यावा, असेंही आम्ही स्पष्ट म्हणतों. बार्शीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांस परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेंतील कार्याबद्दल २०२० मध्यें जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. क्यूआर कोडचा त्यांनीं केलेला उपयोग सर्वांस ठाऊक आहे. पण पुरस्कार कोडला मिळाला नाहीं, शिक्षकाला मिळाला.

आमच्या शाळेंत प्रतिदिनीं शुभवर्तमानाचें वाचन होतें. त्यांतील चांगल्या शोमरोन्याची कथा सर्व विद्यार्थ्यांस परिचित आहे. ‘माझा शेजारी कोण’ असें एका शास्त्र्यानें विचारलें असतां प्रभु येशूनें व्याख्या सांगितली नाहीं. त्यानें एक गोष्ट सांगितली आणि शेवटीं निर्णय प्रश्नकर्त्यावरच सोपविला. जगांतील थोर गुरु बहुधा असेच शिकवीत आले. त्यांच्यापाशीं प्रकाशमान फळा नव्हता. ऐकणाऱ्यास विचार करण्यास लावणारा प्रश्न मात्र होता.

म्हणून पालकवर्गास आमची विनंति अशी, कीं शाळा पाहावयास याल तेव्हां फळा कोणत्या कंपनीचा हें विचारूं नका. त्यावर मुलें काय करतात तें पाहा. संध्याकाळीं मूल घरीं आल्यावर ‘आज काय शिकवलें?’ याऐवजीं ‘आज वर्गांत कोणत्या गोष्टीवर तुमचें एकमत झालें नाहीं?’ असें विचारून पाहा. विद्यार्थीमित्रांस इतकेंच सांगणें, कीं फळ्यापाशीं जाण्याची पाळी आली म्हणजे उत्तर ठाऊक असलें तरच जावें असें समजूं नका. मागच्या बांकावरून उठून आपली शंका सर्वांसमोर मांडणारा मुलगा किंवा मुलगी वर्गावर उपकारच करीत असते. राजर्षींच्या हुकुमानें मूल शाळेच्या दारांत आलें, त्यास शंभराहून अधिक वर्षें लोटलीं. तें फळ्यापर्यंत आपलें स्वतःचें मत घेऊन यावें, हें काम कोणत्याही हुकुमानें होणारें नाहीं. तें शिक्षक, पालक व विद्यार्थी ह्या तिघांनींच करावयाचें आहे, आणि येत्या जूनमध्यें शाळा उघडेल तेव्हां त्यास आरंभ व्हावा, अशी आमची इच्छा आहे.